खाऱ्या पाण्याचे खांब

सोमवारी संध्याकाळी, ऐन जेवणाच्या वेळेला, पोत्झुओली गावात भूकंपाचा धक्का बसला. सात सेकंद, फार तर आठ. बंदराकडून चढत येणाऱ्या गल्लीतली सगळी दारं एकदम उघडली आणि माणसं हातातले घास तसेच ठेवून रस्त्यावर आली. कुणी पायजम्यात, कुणी केसांना रंग लावलेल्या अवस्थेत. म्हाताऱ्यांना खुर्च्यांसकट उचलून आणलं. ज्यांच्याकडे गाड्या होत्या त्यांनी गाद्या गाड्यांत कोंबायला सुरुवात केली, कारण असा धक्का एकटा येत नाही हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

अकरा नंबरच्या घरातून मात्र कुणीही उतरलं नाही.

तळमजल्यावरचा आनिएल्लो, बसचा निवृत्त ड्रायव्हर, गळ्यात रुमाल अडकवलेला तसाच खिडकीत आला आणि रस्त्यावरच्या गर्दीला ओरडून म्हणाला, "या, या, आमच्याकडे जेवायला या! शेवयांत मीठ कमी पडलं तर प्रोकोलो मेस्त्री खांब खरवडून देईल. पण डोक्यावर छप्पर राहील, याची हमी!"

रस्त्यावर दोनचार जण हसले. पहिल्या मजल्यावर प्रोकोलो टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसला होता. तो हसला नाही.

ते घर त्यानंच बांधलं होतं. सालही सगळ्या गल्लीला पाठ होतं, एकोणीसशे एकोणऐंशी. जुन्या टेकडीवरच्या वस्तीतून, जमीन हलते म्हणून, सरकारनं लोकांना बाहेर काढलं त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. चार कुटुंबं ती नऊ वर्षं नातेवाइकांच्या खोल्यांत, पडद्याआड संसार करत राहिली होती. त्यात आनिएल्लोचं कुटुंब होतं, प्रोकोलोचं स्वतःचंही होतं. चौघांनी मिळून जागा घेतली आणि सत्तावीस वर्षांच्या प्रोकोलोनं ओळंबा हातात घेतला.

ऑगस्टचा महिना होता. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही तासभर. तळघरातल्या सहा खांबांचे साचे तयार होते, आत सळ्या बांधून झाल्या होत्या. राख, चुना, सिमेंट, खडी यांचे ढीग उन्हात तापत होते. राख म्हणजे इथलीच, ज्वालामुखीची, गावाच्या पाठीमागच्या खाणीतली. तिला जगभर आपल्याच गावाचं नाव आहे याचा इथल्या गवंड्यांना भारी अभिमान. पाण्याचा टँकर मात्र तीन दिवस आला नव्हता. चौथ्या दिवशी प्रोकोलो म्हणाला, "दोन हजार वर्षांपूर्वी कुठला टँकर यायचा इथं?"

त्याचं म्हणणं सगळ्यांना लगेच पटलं, कारण सगळ्यांनी ते खांब पाहिलेले होते. बाया गावाच्या बाजूला, किनाऱ्यापासून थोडं आत, जुन्या रोमन बंदराचे खांब पाण्याखाली उभे आहेत. लहानपणी सगळी पोरं तिथं बुडी मारून शिंपले काढायची. प्रोकोलोनं तिथं एक सुरी मोडली होती. शिंपला निघाला, सुरीचं टोक तुटलं, खांबाचा कपचाही उडाला नाही. तेच लोक, तीच राख, तोच चुना. आणि पाणी कुठलं, तर समोरचं. मग आपण गोड्या पाण्याची वाट का बघायची? आतेभावाच्या होडीवर पंप चढवला, पाइप ओढला आणि दोन दिवसांत सहाही खांब ओतून झाले. स्लॅब ओतून झाला त्या दिवशी इथल्या रीतीप्रमाणे छतावर लॉरेलची डहाळी बांधून चाळीस माणसांना जेवण घातलं.

चार वर्षांनी जमीन उठली. इथली जमीन भाकरीसारखी फुगते आणि बसते, पण त्या वर्षी ती माणसाच्या उंचीएवढी वर आली. शेजारची घरं फुटली. चौदा नंबरच्या घराच्या भिंतीतून पलीकडचा समुद्र दिसायला लागला. अर्धं गाव पुन्हा हलवलं. अकरा नंबरच्या गिलाव्याला केसाएवढी रेघ नाही! लोक बघायला यायचे. इंजिनियर येऊन गेले. प्रोकोलो त्यांना तळघरात नेऊन खांबावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "खारं पाणी, साहेब. आपल्या पूर्वजांचं." गल्लीत त्या घराला 'बंदर' म्हणायला लागले. न्हाव्याकडे, लग्नात, मयताला, प्रोकोलो जिथं जाई तिथं खांबांची गोष्ट त्याच्या आधी पोचलेली असे.

पंचवीस वर्षं ती गोष्ट खरी होती.

दोन हजार नऊच्या मार्चमध्ये प्रोकोलो वाइनची बरणी आणायला तळघरात उतरला, तेव्हा तिसऱ्या खांबावर त्याला एक तपकिरी ओघळ दिसला, कॉफी सांडल्यासारखा. त्यानं छिन्नीनं हलकेच टोचलं. तळहाताएवढा ढपला हातात आला. आतली सळई अंगठ्याएवढी असायला हवी होती. ती फुगून, पापुद्रे सुटून, बेकरीतल्या पदरापदराच्या करंजीसारखी झाली होती. बोट लावलं की पदर गळत होता. त्यानं चिमूटभर लाल भुगा जिभेवर ठेवला. खारट होता.

त्याला सगळं एका क्षणात कळलं असं म्हणता येणार नाही. कळायला आठवडा लागला. त्यानंतर दोन वर्षांनी विद्यापीठाची काही माणसं समुद्रातल्या खांबांचे नमुने काढायला आली. जागा ठाऊक म्हणून प्रोकोलोला होडीत घेतलं. परत येताना त्यानं त्यांच्या प्रमुखाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि समजा, यात लोखंड घातलं असतं तर?"

तो माणूस हसून म्हणाला, "मग आपण आज इथं कशाला आलो असतो? शंभर वर्षंसुद्धा टिकलं नसतं. त्यांनी लोखंड घातलं नाही, ही त्यांची सगळ्यात मोठी हुशारी."

प्रोकोलोही हसला. घरी येऊन त्यानं तळघराला नवीन कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली.

तेव्हापासून दर दोन वर्षांनी, सगळे सुट्टीला गेले की तो खाली उतरे. सुटलेला भाग काढायचा, सळई तारेच्या ब्रशनं घासायची, वर रंग द्यायचा, मसाला भरायचा, थापीनं घोटून चुन्याचा हात मारायचा. त्याचा हात अजून चांगला होता. काम संपलं की जुनं कुठं संपतं आणि नवं कुठं सुरू होतं हे त्याला स्वतःलाही बोटानं चाचपूनच कळे. दोन वर्षांनी पुन्हा ओघळ. आधी तिसरा खांब, मग चौथा, मग पहिला.

आता त्या सोमवारच्या धक्क्यानंतर पालिकेनं घरांची तपासणी सुरू केली होती. अकरा नंबरला बुधवारी एक इंजिनियर बाई आली. ओर्नेल्ला तिचं नाव. तिशीची असेल, डोक्यावर हेल्मेट, बुटांवर तीन दिवसांची धूळ. त्या दिवसातलं तिचं ते नववं घर होतं. वरपासून खालपर्यंत सगळं बघून ती तळघरात उतरली. टॉर्चच्या उजेडात तिनं सहाही खांब पाहिले आणि तिसऱ्यावरून हात फिरवला.

"हा गिलावा कुणाचा?"

"माझा," प्रोकोलो म्हणाला.

"सुरेख आहे. आता असं काम कुणी करत नाही."

पुढचं वाक्य त्याच्या जिभेवर आलेलं होतं. जिन्यावर आनिएल्लो उभा होता, त्याच्या मागे प्रोकोलोची मुलगी रोझाल्बा आणि तिची अकरा वर्षांची मिरेल्ला. सगळे त्याच्याकडे कौतुकानं बघत होते. वाक्य त्यानं गिळलं. बाईनं कागदावर 'राहण्यास योग्य' असं लिहून सही केली, आणि आनिएल्लोनं टाळ्या वाजवल्या.

"बघितलंस, बाई? सरकारला तीन दिवस लागले. मला विचारलं असतं तर मी सोमवारीच सांगितलं असतं!"

गुरुवारी सकाळी प्रोकोलो एकटा खाली गेला. तिसऱ्या खांबावर, त्यानं घोटलेल्या भागाच्या कडेनं, एक बारीक रेघ उठली होती. चौथ्यावर दोन. त्यानं बोटाचं पेर वाकवून खांबावर टकटक केली. रिकाम्या पिंपावर टकटक करावी तसा आवाज आला. तो तिथंच उभा राहिला. वर मिरेल्ला शाळेला निघायची घाई करत होती, तिच्या पावलांचा आवाज दोन मजले उतरून खांबापर्यंत येत होता.

तो सरळ दुसऱ्या मजल्यावर रोझाल्बाकडे गेला. ती भांडी घासत होती. नवरा बेटांच्या फेरीबोटीवर नोकरीला, रविवारी यायचा.

"मिरेल्लाला घेऊन तुझ्या नणंदेकडे जा. आजच."

"का? काय झालं?"

"खांब गेलेत."

रोझाल्बानं नळ बंद केला. "पप्पा, काल ती बाई बघून गेली ना? तुमच्यासमोर कागद दिला."

"तिला दिसलं नाही. मी दिसू दिलं नाही."

"रात्री झोप लागली का तुम्हाला?" तिनं ओला हात त्याच्या कपाळाला लावला. "सगळ्यांचं असंच झालंय. शेजारची तर बाथरूमलासुद्धा दार उघडं ठेवून जाते. त्र्याऐंशीत काय झालं होतं? तुम्हीच सांगता ना आम्हाला? सगळी गल्ली फुटली आणि—"

"त्र्याऐंशीत लोखंड चार वर्षांचं होतं."

"आणि आता?"

"आता ते नाहीये."

ती हसली. वाईट हसणं नव्हतं ते. लहान मुलाला अंधाराची भीती वाटते म्हटल्यावर आई हसते, तसं होतं. "बसा. कॉफी करते."

आनिएल्लोकडे त्याहून वाईट झालं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "नऊ वर्षं मी मेहुणीच्या स्वयंपाकघरात झोपलोय. पाय फ्रिजखाली आणि डोकं टेबलाखाली. या घरात आलो त्या दिवशी बायकोला म्हटलं, आता इथून मला चौघंच बाहेर काढतील. आणि तू म्हणतोस बाहेर हो?"

"मी मस्करी करत नाही, आनिएल्लो."

"तेच तर! चाळीस वर्षं बढाया मारल्यास, तेव्हा तरी गंमत यायची. अरे, म्हातारपणी माणूस नम्र होतो म्हणतात, पण इतका? चल, पत्ते काढ."

प्रोकोलोनं अख्खा दिवस प्रयत्न केला. वरच्या मजल्यावरच्या विधवा बाईनं दार अर्धवटच उघडलं आणि त्याच्यासाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावते म्हणाली. ज्या घरातल्या माणसांना त्यानं आयुष्यभर एकच गोष्ट पटवून दिली होती, त्यांना तिच्या उलट काहीच पटवता येईना. रस्त्यावरचे भितात, आपण भीत नाही, हे त्या घराचं वळण होतं, आणि ते त्यानंच लावलं होतं.

शुक्रवारी तो शाळेच्या मैदानातल्या पालिकेच्या तंबूत गेला. टोकन दोनशे बारा. लोक आपापल्या भिंतींचे फोटो एकमेकांना दाखवत बसले होते. त्यातले बहुतेक घर सोडायला लागू नये म्हणून आले होते. प्रोकोलोची पाळी दुपारी दोनला आली.

ओर्नेल्लानं त्याला ओळखलं. "मेस्त्री, तुमचं झालं ना? तुमचं तर चांगलं आहे."

"नाही. समुद्राचं पाणी आहे त्यात. सहाही खांबांत. सळ्या आहेत आत."

तिनं पेन खाली ठेवलं. "कुणी घातलं?"

"मी."

"गोड्या पाण्यात काय अडचण होती?"

त्यानं टँकरचं सांगितलं. जुन्या बंदराचं सांगितलं. सांगताना त्याला पहिल्यांदाच जाणवलं की ही तीच गोष्ट आहे, शब्दसुद्धा तेच आहेत.

"लिहून द्या," ती म्हणाली. त्यानं लिहून दिलं.

शनिवारी सकाळी ती अग्निशामक दलाच्या दोन जवानांना घेऊन आली. आधी त्यांनी तिसऱ्या खांबाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी टेकू लावले. घरातली सगळी माणसं जिन्यावर जमली होती. ओर्नेल्लानं जवानाला हातोडा उचलायला सांगितलं, पण प्रोकोलो म्हणाला, "माझं काम आहे. कुठं सोडवायचं ते मला ठाऊक आहे."

त्याला छिन्नीचे तीनच ठोके मारावे लागले. मोठा तुकडा निघून पायाशी पडला. आत चार सळ्या असायला हव्या होत्या. त्यातल्या तीन करंगळीहून बारीक होऊन उभ्या होत्या. चौथीच्या जागी लाल चिखलाची एक रेघ होती, सळईच्या आकाराची.

ओर्नेल्लानं चिखलात पेन्सिल घातली. ती अर्धी आत गेली.

"वरून नवं काँक्रीट चढवता येईल," प्रोकोलो म्हणाला. "चारी बाजूंनी. मी बघितलंय करताना."

"मीठ आत आहे, मेस्त्री. वरून कितीही चढवा, आत हेच चालू राहणार. सहापैकी सहा."

"मग हे लोखंडच काढून टाकलं तर?"

थट्टा करतोय का ते तिला कळेना. मग मऊ आवाजात म्हणाली, "मग घर कशावर उभं राहील?"

प्रोकोलोनं मान हलवली. ते त्यालाही ठाऊक होतं.

"ते बंदराचे खांब घराएवढे जाड आहेत," ती म्हणाली. "त्यांना फक्त दाबून बसायचं होतं. त्याला राख आणि चुना पुरतो. एखादी चीर पडली तरी आत चुन्याचे खडे असतात, पाणी लागलं की विरघळून तेच चीर भरून काढतात. पाणी त्यांना बरं करतं. तुम्ही एवढ्याशा खांबांवर तीन मजले उभे केलेत. त्याला लोखंड लागतंच. आणि चीर पडली की तेच पाणी लोखंडाला खातं, लोखंड फुगून चीर वाढवतं." तिनं पेन्सिलीवरचा लाल चिखल पुसला. "तुम्ही राख बरोबर घेतलीत. चुनाही. पाणीसुद्धा त्यांचंच."

"म्हणजे एक लोखंड तेवढं आपलं," आनिएल्लो जिन्यावरून म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा शोधूनही सापडली नसती.

अकरा वाजता दारावर घर रिकामं करण्याचा कागद चिकटवला. प्रत्येक कुटुंबाला सामान काढायला वीस मिनिटं, बरोबर एक जवान, एका वेळी एकच माणूस, डोक्यावर हेल्मेट. बस एक वाजता येणार होती. किनाऱ्यापासून लांब, वरच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात खोल्या मिळाल्या होत्या. किती दिवस, हे कुणी विचारलं नाही. वरची विधवा बाई आधी गेली आणि फक्त शिवणयंत्र घेऊन आली. आनिएल्लो कॉफीचं भांडं, औषधांची पिशवी आणि भिंतीवरचा बायकोचा फोटो घेऊन बाहेर पडला. प्रोकोलोसमोर येऊन तो थांबला. शिव्या द्यायला तोंड उघडलं असावं.

"पाइप मीच धरला होता ना रे," तो म्हणाला. "माझा नवा शर्ट भिजला होता."

"हो."

"मग झालं तर," आनिएल्लो म्हणाला आणि फोटो छातीशी धरून बसच्या थांब्याकडे चालू लागला.

रोझाल्बाला वीस मिनिटं पुरली नाहीत. जवानानं तिला दंडाला धरूनच खाली आणलं. मुलीचे कपडे, दप्तर, कागदपत्रं, एक उशी. मिरेल्लाला बसमध्ये बसवून ती परत आली. बापासमोर उभी राहिली. हेल्मेट अजून डोक्यावर होतं.

"ती बाई तुम्हाला विचारत होती, हे किती जुनं आहे. तुम्ही काहीतरी बोललात, मला ऐकू आलं नाही. किती जुनं आहे?"

"पहिल्यांदा दिसलं ते दोन हजार नऊ साली."

रोझाल्बानं मनातल्या मनात काहीतरी मोजलं. "म्हणजे मिरेल्ला झाली तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"पाळणा त्या भिंतीशी लावा म्हणून तुम्हीच सांगितलंत. सकाळचं ऊन येतं म्हणून."

"हो."

"त्या भिंतीच्या खाली कुठला खांब येतो?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. घराचा नकाशा त्याच्याशिवाय कुणाला पाठ नव्हता.

"तिसरा," तो म्हणाला.

तिनं आरडाओरडा केला असता तर त्याला सोसलं असतं. हेल्मेटचा पट्टा सोडवायला तिला बराच वेळ लागला. शेवटी जवानानं मदत केली. हेल्मेट त्याच्या हातात देऊन ती म्हणाली, "तुम्ही मागच्या बसनं या," आणि गेली.

मागची बस कधी होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जवानानं यादी पाहिली, मग प्रोकोलोकडे पाहिलं.

"आजोबा, तुमचा पहिला मजला ना? तुमची वीस मिनिटं तशीच आहेत. काय आणायचंय वरून?"

प्रोकोलोनं वर पाहिलं. जवान हेल्मेट पुढे धरून उभा होता.

"काही नाही," तो म्हणाला.

जवानानं यादीत त्याच्या नावापुढे तेवढंच लिहिलं.